गाळलेलं स्वयंपाकघर

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी मुलींचा वाचनगट भरतो. सातवी ते दहावीच्या दहा-बाराजणी येतात. बहुतेकींच्या आया चार-पाच घरची धुणीभांडी नाहीतर पोळ्यांची कामं करतात. मागच्या वर्षी मुलींनी हट्टानं हॅरी पॉटरचं चौथं पुस्तक मराठीतून वाचायला घेतलं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडलं की थांबून बोलायचं. पुस्तक उशीएवढं जाड. जूनमध्ये धरलेलं ते संपायला संक्रांत उजाडली. मग बक्षीस म्हणून संस्थेचा प्रोजेक्टर आणला, भिंतीवर चादर लावली आणि त्याच पुस्तकावरचा सिनेमा हिंदीतून पाहिला.

सिनेमा मुलींना आवडला. ड्रॅगन आला तेव्हा किंकाळ्या, नाचाच्या प्रसंगी खिदळणं, सगळं झालं. दिवे लावल्यावर मात्र नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, ह्यात विंकी कुठंय?" दुसरी म्हणाली, "डॉबीपण नाय." मग तिसरी, जी एरवी फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "स्वयंपाकघरच दाखवलं नाय. मग एवढ्या पोरांचं जेवण करतं कोण?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. हा सिनेमा नोव्हेंबर २००५ मध्ये आला तेव्हा मी दहावीत होते आणि पुस्तकाची वेडी होते. सिनेमा बघून आल्यावर मी वहीत त्यातल्या चुकांची यादी केली होती. केस असे नव्हते, कपडे तसे नव्हते, हा प्रसंग गाळला, तो बदलला. त्यावरून मावसबहिणीशी माझं भांडणही झालं, कारण तिला सिनेमा फार आवडला होता. त्या लांबलचक यादीत स्वयंपाकघर नव्हतं. माझी आई तेव्हा आत आम्हा दोघींसाठी पोहे करत होती.

आवडत्या अद्भुतकथांवर सिनेमे निघतात आणि चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. मूळ पुस्तकाशी इमान राखलं की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. आपल्यासारख्या कामात असलेल्या बायकांना वाटतं की हा पोरखेळ आहे, त्यात आपण कशाला पडायचं? मला आता तसं वाटत नाही. आपल्या मुली या गोष्टींवर वाढताहेत. शेकडो पानांतून काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरतं, तेव्हा कोणती कामं महत्त्वाची आणि कोणती बिनमहत्त्वाची हेही ठरत असतं.

हर्मायनीनं काय केलं होतं

ज्या मैत्रिणींनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेची ही सात पुस्तकं १९९७ ते २००७ या काळात आली आणि त्यांच्यावर २००१ ते २०११ मध्ये आठ सिनेमे निघाले. हॅरी हा आईबाप नसलेला मुलगा हॉगवर्ट्स नावाच्या निवासी शाळेत जादू शिकतो. रॉन आणि हर्मायनी हे त्याचे जिवलग दोस्त. हर्मायनीचे आईवडील जादूगार घराण्यातले नाहीत, म्हणून काहीजण तिला अशुद्ध रक्ताची म्हणून हिणवतात.

या जादूच्या जगात बड्या घरांमधून 'हाउस-एल्फ' राबतात. हे बुटके, मोठ्या कानांचे जीव जन्मानंच एका घराण्याला बांधलेले असतात. पगार नाही, सुट्टी नाही, धड कपडे नाहीत. जुन्या उशीच्या अभ्र्यावर नाहीतर फडक्यावर भागवायचं. मालकानं हातात कपडा दिला तरच सुटका. आपल्याकडच्या वाचकांना वेठबिगारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

चौथं पुस्तक २००० साली आलं. त्यात विंकी नावाच्या एका एल्फबाईला तिचा मालक भर गर्दीत, तिचं काहीही न ऐकता, कामावरून काढून टाकतो. तिथं जमलेल्या मोठ्या माणसांमध्ये तिच्या बाजूनं रागावून बोलते ती चौदा वर्षांची हर्मायनी. मग शाळा सुरू होते. पहिल्याच मेजवानीत तिला कळतं की आपण तीन वर्षं जे पंचपक्वान्न खातोय, ते शंभरावर एल्फ तळघरात राबून करतात आणि ते कुणाच्या दृष्टीला पडत नाहीत, हेच त्यांच्या चांगल्या कामाचं लक्षण समजलं जातं. हर्मायनी ताट बाजूला सारते.

पुढं ती संघटना काढते. एल्फांच्या कल्याणासाठी काढलेल्या या संघटनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं सलग वाचली की 'ओकारी' असा अर्थ होतो, त्यामुळे जो तो हसतो. वर्गणी दोन सिकल, त्यात एक बिल्ला मिळणार. जमलेल्या पैशातून पत्रकं छापायची. रॉनला न विचारता खजिनदार केलेलं, हॅरीला न विचारता चिटणीस. तातडीची मागणी म्हणजे रास्त वेतन आणि कामाच्या बऱ्या अटी. लांब पल्ल्याची उद्दिष्टं दोन. एल्फांना जादूची छडी वापरायला बंदी करणारा कायदा बदलायचा आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्यात त्यांचा स्वतःचा प्रतिनिधी बसवायचा.

मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतंय ना? बिल्ले, पत्रकं, वर्गणीचा डबा आणि बैठकीला आलेल्या दोघांनाच दोन पदं. तातडीच्या आणि लांबच्या मागण्या वेगळ्या लिहिणारी नायिका मला दुसऱ्या कुठल्याही अद्भुतकथेत भेटलेली नाही.

पुढं ही तिघं ते स्वयंपाकघर बघतात. ते जेवणाच्या भव्य दालनाच्या बरोबर खाली आहे आणि तेवढंच मोठं आहे. वर जशी चार लांब टेबलं आहेत, तशीच चार टेबलं खाली, बरोबर त्यांच्या खालोखाल. खालच्या टेबलांवर वाढायचं आणि ते जादूनं छतातून वर जायचं. वर जेवढी मेजवानी, तेवढीच खाली मेहनत. हे चित्र मी आमच्या शिबिरांत फळ्यावर काढून दाखवते. घरकामाचं मोल समजावून सांगायला मला याहून सोपं चित्र सापडलेलं नाही.

सिनेमात काय झालं

सिनेमावाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. इंग्रजी पुस्तक सहाशेच्या वर पानांचं आणि सिनेमा अडीच तासांहून थोडा जास्त. काहीतरी जाणारच. एल्फ संगणकावर उभे करावे लागतात, त्याला पैसा लागतो. हे सगळं मान्य. पण काय गेलं बघा. विंकी गेली. डॉबी गेला. स्वयंपाकघर गेलं. संघटना गेली, बिल्ल्यासकट. स्पर्धा राहिली, ड्रॅगन राहिले, नाच राहिला.

पुस्तकात एका कठीण परीक्षेच्या वेळी हॅरीला पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून ऐनवेळी वनस्पती आणून देतो तो डॉबी. शिक्षकांच्या खोलीत काम करताना त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलेलं असतं. घरात काम करणाऱ्या माणसाला काय काय ठाऊक असतं, हे आपल्याला माहीतच आहे. सिनेमात ती वनस्पती नेव्हिल हा वर्गमित्र देतो. नेव्हिल चांगला मुलगा आहे, त्याला श्रेय मिळालं याचं वाईट वाटायला नको. पण राबणाऱ्याच्या माहितीचं आणि हुशारीचं श्रेय गेलं ते गेलंच.

वेळ कमी होता म्हणावं, तर शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले, २०१० आणि २०११ मध्ये. त्या पुस्तकात लढाईला तोंड लागण्याआधी रॉनला एकदम आठवतं की खाली स्वयंपाकघरात एल्फ आहेत. आपल्यासाठी मरा असा हुकूम आपण त्यांना देऊ शकत नाही, त्यांना बाहेर काढलं पाहिजे, असं तो म्हणतो. तीन वर्षं तिच्या बिल्ल्याला हसलेला हा मुलगा. हर्मायनी हातातलं सगळं टाकून धावत जाते आणि त्याचं चुंबन घेते. सात पुस्तकांत वाढलेलं ते प्रेम त्या क्षणी बोलतं, कारण तिची गोष्ट त्याला अखेर कळलेली असते. सिनेमातही चुंबन आहे. ते तळघरात, एक जादूची वस्तू नष्ट केल्यावर, दोघं भिजून चिंब झाल्यावर येतं. एल्फांचा उल्लेख नाही. पुस्तकात पुढं तेच एल्फ स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि कोयते घेऊन लढाईत उतरतात. तेही सिनेमात नाही.

हा शेवटचा सिनेमा १५ जुलै २०११ रोजी ब्रिटन-अमेरिकेत लागला. त्याच्या महिनाभर आधी, १६ जून २०११ रोजी, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला होता. घरकाम हे काम आहे आणि ते करणाऱ्यांना कामगारांचे हक्क आहेत, हे त्यात पहिल्यांदा जगाच्या पातळीवर लिहिलं गेलं. योगायोगच. पण या दोन तारखा जवळजवळ ठेवून पाहिल्या की मला अस्वस्थ व्हायला होतं.

तलवार चालते

यावर कुणी म्हणेल, सिनेमानं हर्मायनीला उलट मोठं केलं. हे खरं आहे आणि चाहत्यांमधलं मोठं भांडण याच गोष्टीवरून आहे. पहिल्या पुस्तकात मुलं एका गळा आवळणाऱ्या वेलीत अडकतात तेव्हा हर्मायनी घाबरून गोंधळते आणि रॉन तिला भानावर आणतो. सिनेमात ती शांत असते, रॉन घाबरतो. तिसऱ्या पुस्तकात पाय मोडलेला रॉन हॅरीच्या आड उभा राहून, आधी आम्हाला मारावं लागेल, असं बजावतो. सिनेमात हे हर्मायनी म्हणते. पुस्तकात ती एका मग्रूर मुलाला थप्पड मारते, सिनेमात ठोसा. रॉनचे चाहते चिडतात की आमच्या मुलाला विदूषक केलं. हर्मायनीचे चाहते म्हणतात, बरं झालं, मुलींना एक नायिका मिळाली.

माझ्या गटातल्या मुलींनी ठोशाच्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला मोलाच्या वाटतात. येताजाता छेड काढणाऱ्या पोरांना सहन करत शाळेत जाणाऱ्या मुलींच्या त्या टाळ्या आहेत. पण शूर, हुशार, कधी न चुकणारी एकटी मुलगी सिनेमाला चालते आणि डबा घेऊन वर्गणी मागत फिरणारी मुलगी चालत नाही, हेही त्यांच्या लक्षात आणून दिलं पाहिजे.

असं एकाच मालिकेत घडलेलं नाही. टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ मधल्या कादंबरीवर पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ मध्ये तीन सिनेमे काढले. (तिथलेही एल्फच, पण ते राजवंशी आणि देखणे. आपल्या स्वयंपाकघरातल्या एल्फांशी त्यांचं नातं नाही.) पहिल्या सिनेमात जखमी फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदीपार नेण्याचं काम ग्लॉर्फिंडेल या पुरुषाऐवजी आर्वेनला दिलं. चाहते दुभंगले. काहींना ते फार आवडलं, काहींना पुस्तकाचा अपमान वाटला. दुसऱ्या सिनेमासाठी आर्वेन किल्ल्याच्या लढाईत लढते असं चित्रीकरणही झालं होतं, ते नंतर काढून टाकलं. तिसऱ्या सिनेमात एओविन ही राजाची भाची पुरुषवेशात रणांगणावर जाते आणि कुणा पुरुषाच्या हातून न मरणाऱ्या शत्रूला मारते. हे मूळ पुस्तकातच आहे, त्यामुळे दोन्ही तट खूश.

पण त्याच पुस्तकात लढाईनंतर जखमींच्या शुश्रूषागृहाचा मोठा भाग आहे. तिथं योरेथ नावाची एक म्हातारी सेविका आहे, भरपूर बडबडी. खऱ्या राजाच्या हातांना बरं करण्याचा गुण असतो, ही जुनी म्हण तिच्या तोंडून येते आणि तिच्या त्या बोलण्यावरूनच शहाणी माणसं अरागॉर्नला जखमींजवळ बोलावून आणतात. राज्याभिषेकाआधी राजाची ओळख पटते ती रुग्णांच्या खाटांपाशी. एओविनही तिथंच बरी होते आणि यापुढं आपण शुश्रूषा करणार असं ठरवते. चित्रपटगृहात लागलेल्या सिनेमात हे शुश्रूषागृहच नव्हतं. पुढं घरी बघण्यासाठी लांब आवृत्ती काढली, तिच्यात त्याचा छोटासा तुकडा आला, पण योरेथ नाहीच. तलवार ठेवली आणि शुश्रूषा कापली.

'हॉबिट' या १९३७ च्या पुस्तकात तर बोलणारं एकही स्त्रीपात्र नाही. जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिकांनी २०१३ च्या सिनेमात टॉरिएल ही लढवय्यी नव्यानं घातली. ती करणाऱ्या इव्हॅंजेलीन लिली यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की, प्रेमाचा त्रिकोण नसेल तरच काम करते, अशी त्यांची अट होती आणि नंतरच्या वाढीव चित्रीकरणात तो त्रिकोण आलाच. बाई नव्हती म्हणून आणली, हातात धनुष्य दिलं आणि मग नेहमीच्या जागी नेऊन बसवली. चाहत्यांनी तेव्हा वाद घातला तो मुख्यतः ती पुस्तकात नव्हती, यावर.

पुस्तकंही निर्दोष नाहीत

इथं थांबले तर मी पुस्तकाच्या बाजूची आंधळी भक्त ठरेन. रोलिंगबाईंचं पुस्तकही हर्मायनीच्या संघटनेला हसतंच. एल्फांना गुलामीच आवडते, स्वातंत्र्य म्हटलं की ते घाबरतात, असं पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. मुक्त झालेली विंकी दुःखानं दारूला लागते. डॉबीला मुख्याध्यापक आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात, तर तोच घासाघीस करून एक गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी इतकं खाली आणतो. अनेक चाहत्यांना हे खटकतं. गुलामाला गुलामी आवडते, ही मालकांची आवडती कथा आहे, असं ते म्हणतात. आमच्या गटातली मुलगी म्हणाली, "माझी आईपण मॅडमसमोर 'मला काय कमी नाय' म्हणते. घरी येऊन वेगळं बोलते." एल्फ हर्मायनीशी बोलतात ते मालकाच्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं.

पण पुस्तकात एक गोष्ट बरोबर आहे आणि ती आपल्याला झोंबणारी आहे. पाचव्या पुस्तकात हर्मायनी लोकरीच्या टोप्या विणते आणि रात्री बैठकीच्या खोलीत कचऱ्याखाली लपवून ठेवते. एल्फांनी झाडताना नकळत टोपी उचलावी आणि मुक्त व्हावं, हा बेत. परिणाम असा होतो की एल्फ त्या भागात झाडायला यायचंच बंद करतात. सगळं काम एकटा डॉबी करतो आणि सगळ्या टोप्या तोच घेऊन जातो. हर्मायनीला वाटत राहतं की आपलं काम छान चाललंय.

हे मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकती नोकरीला लागले होते. घरकामगार बायकांसाठी मी एक पत्रक तयार केलं. साप्ताहिक सुट्टी, कामाप्रमाणे दर, सगळं नीट मुद्देसूद. ते वस्तीत वाटलं आणि रविवारी दुपारी चारला बैठक ठेवली. रविवारी कामाच्या घरी पाहुणे असतात, त्या दिवशी काम दुप्पट असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बैठकीला एक मावशी आल्या. पुढच्या रविवारीही त्याच. तिसऱ्या वेळी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुमचं मन मोडू नये म्हणून येते." सगळ्या टोप्या एकट्या मावशी नेत होत्या.

त्यातच एकीनं ते पत्रक कामाच्या घरी दाखवलं. आठवड्याभरात तिची दोन घरं सुटली. मी तिच्याकडे गेले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, कागद तुमचा होता. घरं माझी गेली." त्या महिन्यात तिच्या मुलाची फी थकली. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं.

नंतर बैठका रात्री नऊनंतर ओट्यावर व्हायला लागल्या. साप्ताहिक सुट्टी ही त्यांच्या यादीत चौथी निघाली. पहिली मागणी होती आजारपणाचे दिवस पगारातून कापू नयेत, दुसरी दिवाळीला एक पगार बोनस. दीड वर्षानं एका मोठ्या सोसायटीतल्या बावीसजणींनी मिळून बोनस मागितला. सतराजणींना मिळाला. पत्रक याही वेळी होतं, पण मजकूर त्यांनी सांगितला आणि मी फक्त लिहिला. खरं तर हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तिथं सुरुवात काम करणाऱ्यांनीच केली होती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ मध्ये, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

म्हणून मला वाटतं, सिनेमानं हर्मायनीची संघटना गाळली तेव्हा तिची चूकही गाळली. चांगल्या हेतूनं, न विचारता दुसऱ्याचं भलं करायला निघालेली आणि तोंडावर पडलेली मुलगी पडद्यावर आली असती, तर मुलींना तिच्याकडून ठोशापेक्षा जास्त शिकता आलं असतं. आपल्यालाही.

चाहत्यांनी काय केलं

चाहते नुसते भांडतच बसले असं नाही. अमेरिकेत २००५ मध्ये काही वाचकांनी हॅरी पॉटर अलायन्स नावाची संघटना काढली. सिनेमाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या चॉकलेटचा कोको कुठून येतो, हा प्रश्न त्यांनी धरला. पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोच्या मळ्यांवर लहान मुलं राबतात, हे तोवर जगजाहीर झालं होतं. आमच्या आवडत्या नायकाच्या नावावर हे चालणार नाही, असं म्हणत त्यांनी सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे सह्या आणि पत्रं पाठवली. चार वर्षं हे चाललं. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये कंपनीनं कळवलं की त्या वर्षाअखेरपासून हॅरी पॉटरच्या नावाचं सगळं चॉकलेट रास्त व्यापाराचं किंवा तशा प्रमाणपत्राचं असेल.

ज्या कंपनीच्या सिनेमातून हर्मायनीची संघटना गाळली गेली, तिच्याच दारात ही मुलंमुली हर्मायनीसारखी जाऊन बसली. वाचकांनी पुस्तकाशी इमान राखायचं म्हणजे काय, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. केसांचा रंग पुस्तकातल्यासारखा आहे का, याची ती यादी नव्हती.

आता थोडं अवघड बोलते. रोलिंगबाईंनी २०२० पासून पारलिंगी स्त्रियांविषयी जी भूमिका जाहीरपणे घेतली, तिच्यामुळे अनेक चाहत्यांनी ही पुस्तकं बाजूला ठेवली. सिनेमातल्या प्रमुख नटनट्यांनीही तेव्हा आपलं वेगळं मत जाहीर केलं. लेखिकेची ती भूमिका मला मान्य नाही. आमच्या कार्यकर्त्या मैत्रिणींतही यावर एकमत नाही, काहीजणी म्हणतात ही पुस्तकं गटात नकोतच. मी ती ठेवली आहेत. जिथं लेखिकेशी पटत नाही तिथं मुलींसमोर तसं सांगते. पुस्तक लिहून झालं की वाचणारीचाही त्यावर हक्क असतो असं मी मानते. पण ज्यांना ते जमत नाही त्यांच्यावर माझा राग नाही.

याच पुस्तकांवर नवी दूरदर्शन-मालिका करण्याची घोषणा एप्रिल २०२३ मध्ये झाली. प्रत्येक पुस्तकाला एक पर्व, म्हणजे वेळ कमी पडल्याची सबब नाही. चौथ्या पुस्तकाचं पर्व येईल तेव्हा पुन्हा दोन तट पडतील, पुन्हा याद्या होतील. माझी यादी या वेळी एका ओळीची आहे. ती माझी नव्हे, गटातल्या त्या अबोल मुलीची आहे.

तुमच्याही गटात मुली सिनेमे बघतात, मालिका बघतात. ते हिंदी असोत, मराठी असोत नाहीतर परदेशी, बघून झाल्यावर त्यांना एकदा हा प्रश्न विचारून पाहा. एवढ्या मोठ्या घरात जेवण कोण करतं, भांडी कोण घासतं, आणि ती बाई पडद्यावर का नाही? काय उत्तरं येतात ती कळवा. आमच्या गटात पुढच्या शनिवारी आम्ही सिनेमात नसलेला तो स्वयंपाकघराचा प्रसंग बसवणार आहोत. हर्मायनीचं काम करायला कुणी तयार नाही. सगळ्यांना विंकी व्हायचंय, कारण त्यांचं म्हणणं आहे की पुस्तकात तिला नीट बोलूच दिलेलं नाही.